संशोधनातले आकडे कागदावर कसे मांडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात बांबोळीतले एमडी-एमएसचे विद्यार्थी, शिरोड्यातले आयुर्वेद आणि होमिओपथीचे, पणजीतले फार्मसीचे, शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोकरी सांभाळून पेपर लिहू पाहणारे डॉक्टर. थिसिस जमा करायचे दिवस आले की या सगळ्यांकडून आमच्याकडे, म्हणजे त्यांचे आकडे तपासून देणाऱ्यांकडे, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कोणती चाचणी कधी लावायची हा या पानाचा विषय नाही, त्यावर पुस्तकं भरपूर आहेत. इथे आहे ते त्याच्या पुढचं: हाती आलेले आकडे लिहायचे कसे. जिथे अभ्यासाचा उल्लेख नाही तिथले आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

१. चाचणी बरोबर लावली, उत्तर बरोबर आलं. मग मांडणीचा एवढा बाऊ कशाला?

कारण वाचणाऱ्याच्या हातात तुमचा मास्टर चार्ट (रुग्णवार माहितीचा मूळ तक्ता) नसतो, फक्त कागद असतो. उद्या कोणी पाच-सात अभ्यास एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस करायला बसला, तर त्याला प्रत्येक गटातली माणसं किती, सरासरी किती आणि प्रमाण विचलन (एसडी) किती हे लागतं. तुमच्या टेबलात नुसतं ‘पी < ०.०५’ (पी म्हणजे काय ते प्रश्न ७मध्ये) असेल तर तुमची दोन वर्षांची मेहनत तो बाजूला ठेवतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खडसावून लिहिलं होतं, की संशोधन कमी झालं तरी चालेल, पण ते चांगलं आणि योग्य कारणासाठी झालेलं हवं. नुसती पदवीची अट पुरी करायला केलेल्या अभ्यासांवरही त्यांचा रोख होता. आपल्याकडे ते आजही लागू पडतं, हे काही वेगळं सांगायला नको.

२. नियमावल्या ढीगभर आहेत. माझ्या अभ्यासाला कोणती?

रँडमाइज्ड चाचणीला, म्हणजे रुग्णांची गटांत वाटणी चिठ्ठ्यांनी होते तिला, कन्सॉर्ट (पहिली १९९६ची, ताजी २०२५ची). निरीक्षणात्मक अभ्यासाला, म्हणजे क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळची पाहणी), केस-कंट्रोल (आजारी आणि निरोगी यांची मागची माहिती) आणि कोहॉर्टला (पुढे पाठपुरावा) स्ट्रोब. निदान-चाचणीच्या अचूकतेला स्टार्ड, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, प्राण्यांवरच्या प्रयोगाला अराईव्ह. या सगळ्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आपल्याकडचे बहुतेक थिसिस स्ट्रोबमध्ये बसतात.

आकड्यांच्या मांडणीपुरती स्वतंत्र नियमावली म्हणजे सॅम्पल (SAMPL; खाली येणारं ‘सँपल’, म्हणजे नमुना, ते वेगळं). टॉम लँग आणि ऑल्टमन यांनी ती २०१३ साली काढली. छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. बाकी काही वाचलं नाही तरी ती वाचा.

३. ‘सांख्यिकी पद्धती’चा परिच्छेद सीनियरच्या थिसिसमधून घेतला तर चालेल का?

तो परिच्छेद आम्हाला आता पाठ झाला आहे: डेटा एक्सेलमध्ये भरला, एसपीएसएसने विश्लेषण केलं, टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर वापरले, पी < ०.०५ सिग्निफिकंट मानली. यात खोटं काहीच नसतं, आणि उपयोगाचंही काही नसतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती १९८८पासून एक साधी कसोटी सांगत आली आहे. जाणकार माणसाला तुमचा मूळ डेटा दिला, तर हा परिच्छेद वाचून त्याला तुमचे निकाल पडताळता आले पाहिजेत.

त्या कसोटीवर घासून पाहा. टी-टेस्ट कशाकशाच्या तुलनेला लावली? पेअर्ड की अनपेअर्ड? काय-स्क्वेअरच्या घरांत अपेक्षित संख्या लहान होती तिथे फिशरची चाचणी वापरली का? लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये कोणते घटक घातले आणि ते निवडले कसे? वय वर्षांत घेतलं की गट पाडून, आणि गट पाडले तर सीमा कोणी ठरवल्या? गहाळ माहितीचं काय केलं? सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहाच, पण सॉफ्टवेअर म्हणजे पद्धत नव्हे. जामोवी किंवा आर फुकट मिळतात आणि कोणतंही जर्नल त्यांना नाक मुरडत नाही. चोरून मिळवलेल्या एसपीएसएसची गरज नाही.

४. मीनपुढे ± एसडी लिहू की ± एसई? एसई लिहिली की टेबल नीटस दिसतं.

नीटस दिसतं म्हणूनच लिहू नका. एसडी सांगते की तुमच्या रुग्णांमध्ये आपसात किती फरक आहे. एसई सांगते की तुम्ही काढलेली सरासरी किती डळमळीत आहे. एसई (सरासरीची प्रमाण त्रुटी) म्हणजे एसडी भागिले रुग्णसंख्येचं वर्गमूळ. २५ रुग्ण आणि एसडी १० असेल तर एसई २. रुग्ण वाढवत नेले की एसई घटत जाते, रुग्णांमधला फरक मात्र तेवढाच राहतो. रुग्णांचं वर्णन करताना एसडी द्या. सरासरीबद्दलची अनिश्चितता सांगायची असेल तर एसईपेक्षा सरळ ९५% कॉन्फिडन्स इंटर्व्हल (डेटाशी सुसंगत अशा आकड्यांचा पट्टा) द्या.

सॅम्पल नियमावलीत तर ± हे चिन्हच टाळून ‘सरासरी ५४.२ (एसडी १०.१)’ असं लिहायला सांगितलं आहे. चिन्हामागे नेमकं काय आहे हे वाचकाला ताडावं लागू नये. जर्नलचा आग्रह ± चाच असेल तर टेबलाखाली खुलासा करा.

५. मीडियन कधी वापरायचा? प्रत्येक वेळी नॉर्मॅलिटी टेस्ट लावायची का?

समजा तुम्ही लिहिलंत, ‘रुग्णालयातला मुक्काम ६.२ (एसडी ५.८) दिवस’. सरासरीतून दोन एसडी वजा करा: उणे ५.४ दिवस. उणे दिवस कोणी वॉर्डात राहत नाही. म्हणजे वितरण एका बाजूला लांब शेपटीचं आहे आणि एसडी वाचकाला चुकीचं चित्र देते. इथे मीडियन (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला) आणि दोन्ही चतुर्थक (खालून पाव आणि पाऊण अंतरावरचे आकडे) द्या: ‘मीडियन ४ दिवस (चतुर्थक ३ ते ८)’. दोहोंतलं अंतर म्हणून एकच आकडा देऊ नका, त्यावरून शेपूट कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही. मुक्काम, खर्च, सीआरपी, फेरिटिन, ट्रायग्लिसराइड यांच्या बाबतीत हे हमखास होतं.

नॉर्मॅलिटी टेस्टवर फार विसंबू नका. लहान सँपलमध्ये ती काहीच पकडत नाही आणि मोठ्या सँपलमध्ये फुटकळ गोष्टीवर बोंब मारते. हिस्टोग्राम काढून डोळ्यांनी पाहा.

६. दशांश किती द्यायचे?

मोजमापापेक्षा फार तर एक जास्त. हिमोग्लोबिन यंत्र ११.३ दाखवत असेल तर सरासरी ११.२८ पुरे, ११.२७६४ नको. टक्केवारी पूर्णांकात किंवा एका दशांशापर्यंत, आणि शेजारी छेद हवाच: ‘३८% (१९/५०)’. वीसपेक्षा कमी रुग्ण असतील तर टक्केवारी टाळून ‘१२ पैकी ४’ असं लिहा.

पी-व्हॅल्यू नेमकी लिहा (पी = ०.०३), ‘एनएस’ किंवा तारका नकोत. ‘पी = ०.०००’ हे एसपीएसएस तीन दशांशांपर्यंतच आकडा दाखवतं म्हणून छापतं. तुम्ही पी < ०.००१ लिहा.

७. पी ०.०५च्या खाली आली. निकाल म्हणून एवढं लिहिलं की झालं ना?

म्हापशाच्या बाजारातून आलेल्या माणसाने ‘बांगडे महागले, हे नक्की’ एवढंच सांगावं आणि वाटा कितीला ते सांगूच नये, तसं ते होतं. फरक किती आणि त्या आकड्याला आगापिछा किती, हे वाचकाला आधी हवं.

पी-व्हॅल्यू फक्त इतकंच सांगते: दोन गटांत खरोखर काही फरक नसता आणि आपली बाकीची गृहीतकं बरोबर असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. उपचार खरोखर गुणकारी असण्याची शक्यता ती सांगत नाही, परिणामाचा आकारही नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली खास निवेदन काढून हे सांगितलं. एका संघटनेला एवढ्या प्राथमिक गोष्टीवर निवेदन काढावं लागलं, यावरून गैरसमज किती खोल रुजलाय ते समजा.

चांगली मांडणी पाहायला लांब जायला नको. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेने तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून थोड्या बैठका घेतल्या तर फरक पडतो का, हा प्रश्न होता. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निकाल छापून आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले २३० पैकी १४७ जण (६४%) बरे झालेले होते, तर नेहमीच्या सुधारित उपचारांच्या गटातले २३६ पैकी ९१ (३९%). समायोजित गुणोत्तर १.६१, ९५% कॉन्फिडन्स इंटर्व्हल १.३४ ते १.९३.

यात छेद आहेत, टक्के आहेत, परिणामाचा आकार आहे आणि त्याची व्याप्ती आहे. वाचक स्वतः वजाबाकी करून पाहू शकतो: २५ टक्क्यांचा फरक, म्हणजे साधारण चार जणांना समुपदेशन दिल्यावर एक जादा माणूस बरा होतो. आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्याला निर्णयासाठी हेच लागतं. पी-व्हॅल्यूचं नावही न काढता आपण एवढं बोलू शकलो.

८. एसपीएसएसने ऑड्स रेशो २.८ दिला. ‘बरं होण्याची शक्यता २.८ पट’ असं लिहिलं तर बिघडलं कुठे?

वरच्याच चाचणीचे आकडे घ्या. ऑड्स (बरे झालेले विरुद्ध न झालेले) काढले तर एका गटात १४७ विरुद्ध ८३, दुसऱ्यात ९१ विरुद्ध १४५. ऑड्स रेशो येतो सुमारे २.८. टक्क्यांचं सरळ गुणोत्तर येतं सुमारे १.६६ (समायोजन केलं की १.६१). डेटा तोच. ‘२.८ पट शक्यता’ असं लिहिलंत तर परिणाम फुगवून सांगितला, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. ६४ हे ३९च्या २.८ पट नाहीत, एवढं शाळकरी पोरही सांगेल.

घटना विरळ असेल, समजा दहा टक्क्यांहून कमी, तर दोन्ही आकडे जवळ येतात आणि फार नुकसान होत नाही. घटना सर्रास असेल तर रिस्क रेशो किंवा प्रिव्हलन्स रेशो (टक्क्यांचं सरळ गुणोत्तर) द्या. केस-कंट्रोल अभ्यास याला अपवाद, कारण तिथे ऑड्स रेशोच द्यावा लागतो. मग वाक्यात ‘शक्यता’ हा शब्द न आणता ‘ऑड्स’च म्हणा.

९. पी ०.०८ आली. गाईड म्हणतात ‘सिग्निफिकन्सकडे कल आहे’ लिही, रिव्ह्यूअर म्हणतो ‘फरक नाही’ लिही. कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको. समजा रक्तदाबातला फरक ४ मिमी आला आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल उणे ०.५ ते ८.५. हा डेटा जवळजवळ शून्य फरकाशीही सुसंगत आहे आणि ८ मिमीशीही, जो रुग्णाच्या दृष्टीने चांगलाच मोठा. तेच लिहा. ‘फरक नाही’ म्हणायला पूर्ण इंटर्व्हल वैद्यकीयदृष्ट्या नगण्य पट्ट्यात बसायला हवा, आणि तो पट्टा आधी ठरवलेला हवा. ‘कल’ म्हणाल, तर ०.०४ आल्यावर ‘सिग्निफिकन्सपासून दूर जाण्याचा कल’ असं कोणी लिहिल्याचं पाहिलंय का?

१०. सँपल साइजचं सूत्र दिलं तरी एथिक्स कमिटीने परत पाठवलं. काय राहिलं?

बहुतेक वेळा ४पीक्यू/एल² हे सूत्र (इथे पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारा एरर) असतं आणि पुढे ‘१०% एरर धरला’. कशाच्या १०%? प्रमाण २०% आहे असं धरा. एरर १० टक्के-बिंदूंचा असेल, म्हणजे १० ते ३०, तर सँपल येतं ६४. एरर त्या २०च्या १०% असेल, म्हणजे २ बिंदू, तर येतं १६००. दोन्हीकडे शब्द तेच, ‘१०% एरर’. कमिटीला हेच खटकलेलं असतं (ती बारकाईने वाचणारी असेल तर). पाच बिंदूंचा एरर असेल तर २५६, आणि हे बऱ्याचदा व्यवहार्य ठरतं.

दुसरी नेहमीची चूक गळतीची. दहा टक्के लोक नकार देतील असं धरलं तर २५६ला ०.९ने भागायचं, २८५ येतात. २५६मध्ये दहा टक्के मिळवून २८२ केले तर शेवटी तीन कमी पडतात. मामला लहान आहे, पण परीक्षक नेमका इथेच बोट ठेवतो.

दोन गटांची तुलना असेल तर अपेक्षित फरक, एसडी किंवा मूळ प्रमाण, ते कुठून घेतलं, अल्फा (नसलेला फरक दिसण्याची धरलेली जोखीम), पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) आणि गळती, हे सगळं लिहा. आणि खरं कारण ‘अठरा महिन्यांत आले तेवढे सगळे रुग्ण घेतले’ हे असेल तर तसंच लिहा. त्यात लाज नाही. मागाहून सूत्र जुळवून आणणं मात्र गैर.

११. सँपल पुरं झालं नाही. पोस्ट-हॉक पॉवर काढून दाखवू?

नको. ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप असते, नवं काही सांगत नाही. कॉन्फिडन्स इंटर्व्हल द्या (प्रश्न ९). तो रुंद असेल तर वाचकाला कळतं.

१२. रँडमाइज्ड चाचणीच्या पहिल्या टेबलात (रुग्णांच्या सुरुवातीच्या माहितीच्या) पी-व्हॅल्यूंचा रकाना हवाच असं सांगतात.

कन्सॉर्ट नको म्हणतं. वाटणी खरोखर चिठ्ठ्यांनी झाली असेल तर गटांमधला फरक योगायोगानेच आलेला असतो. तो योगायोग आहे का, हे तपासण्यात काय अर्थ? वय किंवा आजाराची तीव्रता यांसारख्या, निकालावर जोर असलेल्या घटकांचं समायोजन करायचं असेल तर ते आधीच ठरवा. गाईड ऐकतच नसतील तर थिसिसमध्ये रकाना ठेवा आणि जर्नलला पाठवताना काढा. घरात भांडण नको.

१३. वीस घटक तपासले, दोन सिग्निफिकंट आले. ते दोनच लिहू?

वीसही लिहा. काहीच खरं नसताना वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक तरी ०.०५च्या खाली जाण्याची शक्यता ६४% असते. हाती आलेले दोन त्यातलेच नाहीत हे कशावरून?

उपगटांचंही तेच. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन द्यावं का, यावर आयसिस-२ ही सतरा हजारांवर रुग्णांची चाचणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. एकूण फायदा निर्विवाद होता. उपगट पाडा असा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या राशींप्रमाणे उपगट पाडून दाखवले. मिथुन आणि तुळेच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच होतो असं दिसलं! आपल्याकडे हा निकाल कोणी खराही मानेल, ही भीती आहेच.

१४. सीटीआरआयवर (चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदवलेला प्राथमिक निष्कर्ष (मुख्य मोजायची गोष्ट) एक होता, पण निकाल दुसऱ्यात चांगला आला. अदलाबदल करता येईल?

नाही. सीटीआरआय २००७पासून सुरू आहे, औषध नियंत्रकांनी १५ जून २००९पासून क्लिनिकल चाचण्यांची नोंदणी सक्तीची केली, आणि एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याआधीचीच नोंदणी स्वीकारली जाते. बदलांच्या नोंदी तिथे राहतात, रिव्ह्यूअर पाहू शकतो. दुसरा निकाल खुशाल लिहा, पण दुय्यम म्हणून. दारूच्या घातक सेवनावर ‘संगाथ’चीच एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिचे दोन प्राथमिक निष्कर्ष होते. सुटका झालेल्यांचं प्रमाण ३६% विरुद्ध २६% आलं. पिणं चालू राहिलेल्यांच्या रोजच्या दारूत मात्र फरक आढळला नाही. दोन्ही गोष्टी सारांशातच लिहिल्या आहेत, तरीही ‘लॅन्सेट’ने ती छापली.

१५. ४० रुग्णांचे ८० डोळे तपासले. एन ८० लिहू ना?

रुग्ण ४०, डोळे ८०, असं दोन्ही लिहा. एकाच माणसाचे दोन डोळे भावंडांपेक्षा जवळचे; त्यांना स्वतंत्र धरलं की कॉन्फिडन्स इंटर्व्हल खोटाच अरुंद होतो. डेंटलवाले दातांबाबत हीच चूक करतात. एका केंद्रातले रुग्ण, एका शाळेतली मुलं यांचंही तसंच. प्रत्येक केंद्रातून २० जण आणि केंद्रांतर्गत साम्य ०.०५ असेल तर सँपल जवळजवळ दुप्पट (१.९५ पट) लागतं. म्हणून गोव्यात झालेल्या ‘मानस’ चाचणीसारख्या अभ्यासात, जिथे २४ दवाखान्यांचीच वाटणी केली होती, विश्लेषणात दवाखाना धरावा लागतो.

१६. नवं ग्लुकोमीटर प्रयोगशाळेशी ताडून पाहिलं, कोरिलेशन ०.९५. जुळतंय म्हणू?

यंत्र प्रत्येक वेळी ३० जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन १ येऊ शकतं. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचवलेला आलेख काढा: सरासरी फरक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १.९६ एसडी. मग विचारा, एवढ्या फरकावर मी इन्सुलिनचा डोस बदलेन का? याचं उत्तर संख्याशास्त्रात नाही, तुमच्याकडे आहे.

१७. ६० रुग्णांत एकालाही दुष्परिणाम झाला नाही. ‘औषध सुरक्षित आहे’ लिहू?

‘६० पैकी ०’ लिहा. शून्य घटना असताना ९५% इंटर्व्हलची वरची मर्यादा साधारण ३ भागिले रुग्णसंख्या, इथे ५%. वीसातल्या एकाला त्रास देणारं औषधही या डेटाशी सुसंगत आहे.

१८. रिव्ह्यूअर म्हणतो, ‘सरासरी ३.४७ अशक्य आहे.’ तो इतका ठाम कसा?

पूर्णांकी गुणांची श्रेणी आणि २० माणसं असतील तर सरासरी ०.०५च्या पटीतच येणार: ३.४५ किंवा ३.५०. मधला ३.४७ येऊच शकत नाही. ही तपासणी ग्रिम म्हणून ओळखली जाते, कागद-पेन्सिल पुरते. लगेच घाबरू नका. बहुधा एका रुग्णाने तो प्रश्न सोडलेला असतो. ६६ भागिले १९ केलं की बरोबर ३.४७ येतात. म्हणजे खरी चूक वेगळीच: टेबलात २० लिहिले आणि गळालेला एक सांगितला नाही. म्हणून प्रत्येक ओळीत तिथला खरा छेद द्या.

१९. गोवा एवढासा. तालुकावार टेबल दिलं तर रुग्ण ओळखू येईल का?

येऊ शकतो. २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्या, आज बारा तालुके, त्यात सगळे एकमेकांच्या ओळखीचे. सत्तरी तालुक्यातल्या माकडतापासारख्या विरळ आजारात तालुका, वयोगट, लिंग आणि व्यवसाय एकाच टेबलात आले की टेबलाच्या एका घरात एकच माणूस उरतो, आणि तिथल्या वाळपईत त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. वयोगट रुंद करा, तालुके एकत्र करा, लहान घरांत ‘५पेक्षा कमी’ लिहा. मात्र शेजारच्या बेरजेवरून तो आकडा उलट काढता येत नाही ना, हेही पाहा. अंश-छेद नेमके द्या (प्रश्न ६) हा नियम इथे मागे घ्यावा लागतो, आणि तो का घेतला हे एका ओळीत लिहावं लागतं.

२०. आकडे तपासून घ्यायला येताना काय आणू?

एथिक्स कमिटीने मंजूर केलेला मूळ सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), चाचणी असेल तर सीटीआरआय क्रमांक, आणि मास्टर चार्ट: एका रुग्णाला एक ओळ, कोडांचा अर्थ वेगळ्या पानावर, रुग्णांची नावं आणि फोन नंबर काढून टाकलेले. रंगवलेले रकाने कॉम्प्युटरला कळत नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टेबलाचा फोटो पाठवू नका.